रास्पबेरी पायचं वायफाय सारखं तुटतं? राऊटर बदलण्याआधी हे तपासा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ जोडून रेट बोर्ड बनवला होता. त्यावर अकोल्याच्या एका दुकानदार भाऊंचा फोन आला, "सर, नवा राऊटर आणला, तरी वायफाय जातेच ना बाप्पा! बोर्डावर कालचाच भाव दिसते, अन् गिऱ्हाईक माझ्याशी भांडते."

त्यांना जे सांगितलं, तेच इथे क्रमाने देतो.

१. आधी दोष कुठं आहे ते बघा. टर्मिनलमधून राऊटरला पिंग करा. उत्तर नीट येत असेल तर वायफाय ठीक आहे, लाइनवाल्याला फोन लावा. उत्तर तुटक येत असेल तर पुढे वाचा.

२. चार्जर. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह किंवा लो व्होल्टेजची सूचना दिसते का? पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाईलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल असली की लोड वाढताच व्होल्टेज घसरतं. भाऊंचं दुखणं बरंचसं हेच होतं.

३. पॉवर सेव्ह. काम नसलं की पायचं वायफाय डुलकी घेतं. 'आयडब्ल्यू' कमांडने पॉवर सेव्ह बंद करा. पण रीस्टार्ट केल्यावर ते परत चालू होतं, म्हणून नेटवर्क मॅनेजरमध्ये पॉवरसेव्हची किंमत २ ठेवा. इथे २ म्हणजे कायमचं बंद. कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.

४. जागा. टीव्हीच्या मागे, लोखंडी रॅकवर किंवा पत्र्याच्या डब्यात पाय ठेवू नका, धातू सिग्नल अडवतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटून असेल तर तीही २.४ गिगाहर्ट्झमध्ये खरखर करते. बाजारात शेजारी दहा राऊटर असतील तर ५ गिगाहर्ट्झ वापरून बघा. पाय ४ ला ते चालतं, फक्त भिंतीपलीकडे कमी पोचतं.

एका वेळी एकच बदल करा आणि दिवसभर बघा. सगळं एकदम बदललं तर खरं कारण कळतच नाही.

राऊटर जवळच असेल तर सरळ लॅन केबल टाका. आणि बोर्डावर 'शेवटचा भाव किती वाजताचा' ही ओळ नक्की ठेवा. नेट गेलं तरी गिऱ्हाईकाशी वाद होणार नाही. शेवटी दुकान विश्वासावर चालतं ना!