रात्रीचे राग आणि शहराचे सभागृह

पुण्यासारख्या शहरात नाटक, गाणे आणि चित्रपट या तिन्हींचा ज्याला नाद आहे, त्याने कलावंताच्या गुणदोषांची चिकित्सा जितक्या आस्थेने करावी, तितक्याच आस्थेने ती कला ज्या जागेत आणि ज्या प्रहरी सादर होते त्या स्थळकाळाचीही करावी, असे माझे दीर्घ सहवासाअंती बनलेले मत आहे; कारण गायकाचा गळा तोच आणि नटाची वाणी तीच असली, तरी स्थळकाळाचा मेळ बिघडला की रसिकाच्या पदरी पडणारा आनंद निम्म्याने उणा होतो.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली निवर्तले आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला संगीतोत्सव पुढे शहराचा सांस्कृतिक शिरस्ताच होऊन बसला. रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या थंडीत शाली-कानटोप्या घेऊन बसलेला श्रोतृवर्ग उत्तररात्री दरबारी ऐके, पहाटे ललित ऐके आणि उजाडल्यावर भैरवी कानात घेऊन घरी परते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमावलीने रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांस मनाई केली. एखाद्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळते तेवढीच. म्हणून उत्सव दुपारी सुरू होऊ लागला, आणि त्यामुळे भीमपलास, मुलतानी, पटदीप या दुपारच्या रागांना पूर्वी क्वचितच लाभणारा मान मिळाला, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्यांचे सौंदर्य शहर निजल्यावरच उमलते ते राग या व्यवहारात बाहेर राहिले, आणि मध्यरात्रीचा दरबारी मैफलीत ऐकलेलाच नाही अशी एक सबंध पिढी आता तानपुऱ्यावर गाऊ लागली आहे.

या नियमाला मी दोष देत नाही. आजाऱ्याची आणि लहान मुलाची झोप आमच्या रसिकतेहून निःसंशय मोठी आहे. मात्र त्याच नियमावलीत बंदिस्त सभागृहांचा अपवाद नमूद केलेला आहे, याकडे आपल्या संगीतसंस्थांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. आणि सभागृहातले गाणे मैदानातल्या गाण्याहून अनेक अंगांनी सरस असते, हे तर वेगळेच. गायक बैठकीस बसल्यावर तानपुऱ्याचा मणी केसभर वर-खाली करतो, तारेखालचा जवारीचा दोरा बोटाने किंचित सरकवतो आणि तारेतून स्वयंभू गांधार बोलू लागेपर्यंत तोंड उघडत नाही. तो गांधार दोनशे श्रोत्यांच्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. दहा हजारांच्या मांडवात मात्र भोंग्यांच्या भिंतीतून आलेला केवळ एक घोष उरतो.

रंगभूमीचीही स्थिती याहून निराळी नाही. विजय तेंडुलकरांचे, जब्बार पटेलांनी बसविलेले ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात प्रथम रंगले. प्रेक्षकांकडे पाठ करून झुलणारी ब्राह्मणांची ती जिवंत भिंत, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात फुटून कारस्थान उघडे करते, तिचा धाक जवळ बसलेल्या प्रेक्षकालाच खरा जाणवतो. दूरच्या खुर्चीवरून ती एक सुंदर आकृती होऊन राहते. १९६८ साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर संगीत नाटकाच्या आणि भरगच्च व्यावसायिक प्रयोगाच्या मापाचे आहे, आणि त्या कामी ते उत्तमच आहे. पण दोन पात्रांचे हलक्या आवाजातले नाटक तिथे ध्वनिवर्धकाच्या आधाराने तगवावे लागते, आणि कुजबुज मोठी केली की ती कुजबुज राहत नाही. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचासारखी लहान जागा प्रायोगिक नाटकाला म्हणूनच जीवनावश्यक आहे.

चित्रपटाविषयी थोडक्यात सांगतो. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ ज्या प्रभात स्टुडिओत घडला, त्याच आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम हातातल्या फोनवर पाहणाऱ्यास कथा कळते. अंधाऱ्या दालनात, अनोळखी माणसांच्या सोबतीने पाहणाऱ्यास त्या मुद्रेवरची निरागसता कळते.

बालगंधर्वच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षे अधूनमधून उठते, तेव्हा वाहनतळ आणि खुर्च्यांची संख्या यांवरच सारा वाद होतो. माझी महानगरपालिकेस आणि नाट्य आणि संगीत संस्थांस विनंती एवढीच की, नव्या आराखड्यांत ध्वनिरोधक भिंतींचे, दोनशे-अडीचशे श्रोत्यांचे एक दालन आधी मंजूर करावे आणि वर्षातून निदान चार रात्री ते पहाटेपर्यंत गाण्याला द्यावे. तिकीट काढायला आपण रसिकांनी मागे राहू नये.