त्रिरश्मीवरील दगडी दप्तर

नाशिकजवळच्या ज्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांचा पांडवांशी काडीचाही संबंध नाही, हे आता सर्वश्रुत झाले आहे. परंतु त्रिरश्मी डोंगराच्या कातळावर ब्राह्मी लिपीत कोरलेला तेथील प्राकृत मजकूर सावकाश वाचू लागले, म्हणजे भक्तीच्या उद्गारांपेक्षा मुद्दल, व्याज, हुकूम आणि माफी यांचीच भाषा अधिक कानी पडते, आणि आपण विहारात आलो की मुलकी कचेरीत, असा क्षणभर संभ्रम पडतो.

क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने दहावे लेणे चतुर्दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती न ठेवता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतविली. २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नाही, व्याज तेवढे भोगावयाचे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते, आणि वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो; हिशेब कवडीचीही बाकी न ठेवता मिळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला गेला. दात्याच्या पुण्यबुद्धीइतकेच मला त्याच्या कारकुनाचे कौतुक वाटते. याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकीर्दीत विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी ठेवल्या, त्या कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे.

तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या सनदा मात्र याहूनही वाचनीय आहेत. नहपानाचा पाडाव केल्यावर त्याने आपल्या अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्यास हुकूम धाडला, की पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत येथील भिक्षूंस द्यावे. त्यात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, इत्यादी सर्व माफ्यांसह. इनाम मोठे, शब्द भारदस्त. पण चोविसाव्या वर्षी श्यामक अमात्यास आलेला दुसरा हुकूम सांगतो, की ते शेत कसले जात नाही आणि गावही वस्तीचे राहिलेले नाही. यास्तव नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी १०० निवर्तने त्याच भिक्षूंस द्यावीत. या हुकमात राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे, आणि माफ्या पूर्वीच्याच. ओसाड गावची जमीन कागदोपत्री बहाल होणे आपल्याकडे नवे नाही. नवल आहे ते सहा वर्षांनी का होईना, दरबाराने ती गोष्ट मान्य करून बदली जमीन दिली याचे. क्षेत्र निम्मे झाले खरे, पण ते नगरालगतचे, आणि जिचा उपयोग झाला नव्हता ती पहिली सनद खोडून न टाकता दुसरी तिच्या पाठोपाठच कोरलेली आहे.