नौका वर चढली, नावाडी मात्र खालीच!

औद्योगिक क्रांती म्हटली की वाफेच्या इंजिनाचे गोडवे गायिले जातात. परंतु रेल्वे येण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे इंग्लंडच्या कारखान्यांचा बोजा वाहिला तो कालव्यांनी. १७६१ साली ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला येऊ लागला आणि तेथील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या कालव्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली याचे शालेय शिक्षण जेमतेम होते. त्याला धड शुद्ध लिहिताही येत नसे. शाळा मिळाली नाही म्हणजे बुद्धी नसते, असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

याच ब्रिंडलीने आखलेला ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. लांबी सुमारे ९३ मैल. वाटेत चढ-उतार. पाणी डोंगर चढत नाही. मग पंचवीस टन माल भरलेली नौका वर न्यायची कशी? त्यासाठी सत्तरहून अधिक 'लॉक' बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद हौद. नौका आत आली की खालचा दरवाजा बंद करायचा, वरच्या झडपा उघडायच्या. पाणी भरत जाते, नौका आपोआप उचलली जाते. दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीत आले की वरचा दरवाजा उघडतो. युक्ती साधी, पण थोर!

मात्र दरवाजे आपोआप उघडत नव्हते. दरवाजाचा अवजड लाकडी दांडा पाठीने रेटावा लागे. हेअरकॅसलच्या सुमारे दीड मैलाच्या बोगद्यात घोड्याला वाटच नव्हती. तेथे माणसे आडवी पडून भिंतीला पाय लावीत आणि अंधारात नौका पुढे ढकलीत. कालव्याची पहिली कुदळ मारणारे कारखानदार जोसाया वेजवुड यांचे नाव इतिहासाने जपले. पुढली लाखो कुदळी मारणाऱ्यांची नावे कोणी विचारतो काय?

रेल्वेशी स्पर्धा सुरू झाली तशी नावाड्यांची मिळकत घटली. घरभाडे परवडेना, म्हणून अनेकांनी बिऱ्हाड नौकेवरच आणले. सात फूट रुंद नौकेत दहा फुटांची खोली, तीच चूल आणि तेच अंथरूण. मजुरी एका नावाड्याची. राबत मात्र बायको-मुलेही. घोडा हाकणे, लॉकचे दरवाजे उघडणे हे पोरांचे काम. आज या गावी, उद्या त्या गावी. शाळेत नाव घालायचे तरी कोठे? वर 'अडाणी, घाणेरडे लोक' हा शिक्का होताच. आधी शाळेचे दार बंद ठेवायचे आणि मग अडाणी म्हणून हिणवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही.

लहानपणी वीटभट्टीवर राबलेल्या जॉर्ज स्मिथ यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या रेट्यामुळे १८७७ मध्ये कालवा-नौका कायदा झाला. नौकेची नोंदणी, तीत किती माणसांनी राहावे याची मर्यादा आणि मुलांचे शिक्षण या गोष्टी कायद्यात आल्या. अंमलबजावणी ढिली पडली, तेव्हा १८८४ मध्ये कायदा पुन्हा कडक करावा लागला.

ब्रिजवॉटर कालव्यापासून या पहिल्या कायद्यापर्यंत ११६ वर्षे गेली! पंचवीस टनांची नौका काही मिनिटांत वर उचलणाऱ्या समाजाला, ती हाकणाऱ्याचे मूल शाळेच्या पायरीपर्यंत आणायला एवढा काळ लागला. पाण्याने नौकेला वर नेले. माणसाला वर नेण्यासाठी माणसालाच झगडावे लागले. प्रगतीचे मोजमाप करताना किती टन माल चढला एवढेच पाहू नये, त्याबरोबर कोण वर चढला हेही विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.