लाईट गेली आणि ‘सेव्ह’ केलेली फाईलही गेली? घरच्या पीसीतलं ‘राइट कॅश’ तपासून पाहा

फाईल सेव्ह केली, खिडकी बंद केली आणि दोन-चार सेकंदांत लाईट गेली. लाईट आल्यावर फाईल जागेवर दिसते, साईजही बरोबर दिसते, पण उघडत नाही. किंवा स्कॅन केलेला दाखला अर्धा दिसतो आणि खालचा भाग नुसता राखाडी. आपल्याकडे वळवाचा पाऊस, वावटळ सुटली की लाईट जाणं नवं नाही, मग नगर शहर असो नाहीतर शेवगाव-जामखेडकडचं गाव. अशा वेळी बहुतेक घरांत व्हायरसला दोष दिला जातो. खरं कारण अनेकदा वेगळंच असतं.

गर्दीच्या वेळी दुकानदार काय करतो? उधारी लगेच वहीत चढवत बसत नाही, चिठ्ठीवर टिपून ठेवतो आणि गिऱ्हाईक कमी झालं की वहीत उतरवतो. गिऱ्हाईकाला मात्र “लिहून घेतलं” म्हणून सांगतो. कॉम्प्युटरही हेच करतो. हार्ड डिस्कवर लिहिणं हे सावकाशीचं काम, म्हणून तो माहिती आधी वेगवान मेमरीत ठेवतो, तुम्हाला “सेव्ह झालं” म्हणतो आणि मग निवांत डिस्कवर उतरवतो. याला राइट कॅश म्हणतात. लाईट गेली की चिठ्ठ्या उडाल्या.

या चिठ्ठ्या दोन ठिकाणी असतात, हे नीट समजून घ्या. एक, विंडोज आपल्या रॅममध्ये काही सेकंद माहिती धरून ठेवतं. दोन, हार्ड डिस्कच्या आतही छोटी मेमरी असते, हल्लीच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये साधारण ६४ ते २५६ एमबी. फाईलचं नाव आणि साईज यांची नोंद सांभाळायला विंडोजची फाईल पद्धत वेगळा रोजमेळ ठेवते. फाईलच्या आतल्या मजकुराचा असा रोजमेळ नसतो. म्हणूनच नाव-साईज शाबूत आणि आत काहीच नाही, असा प्रकार घडतो.

सेटिंग कुठे आहे? स्टार्टच्या बटणावर माऊसची उजवी कळ दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘डिस्क ड्राइव्हज’मध्ये आपल्या डिस्कवर दोनदा क्लिक करा आणि ‘पॉलिसीज’ या टॅबवर जा. तिथे दोन चौकोन दिसतील. पहिला ‘एनेबल राइट कॅशिंग ऑन द डिव्हाइस’. याला सहसा आधीपासून टिक असते. दुसरा ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग’. खरी गडबड या दुसऱ्यात आहे.

हिशेबाचे प्रोग्राम मधूनमधून डिस्कला बजावतात, “आता हातातल्या सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरव, मगच पुढचं.” दुसऱ्या चौकोनाला टिक केली की विंडोज हा हुकूम डिस्कपर्यंत पोचवतच नाही. वेग थोडा वाढतो, म्हणून ‘पीसी फास्ट करा’ छापाच्या व्हिडिओंत ही टिक करायला सांगतात. पण डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा नसेल तर हे करू नका, असं मायक्रोसॉफ्टने त्याच चौकोनाखाली लिहून ठेवलंय. घरच्या पीसीवर ही टिक असेल तर आजच काढा. टॅलीचा डेटा, दुकानाचा जीएसटीचा हिशेब असं काही त्यात असेल तर दुसरा विचारच नको.

पहिली टिक काढावी का? लॅपटॉपला बॅटरी चांगली असेल तर राहू द्या. डेस्कटॉपला यूपीएस असेल तरी राहू द्या. दोन्ही नसेल आणि लाईट सारखी जात असेल, तर काढायला हरकत नाही. मशीन जरा हळू होईल, जुनी फिरती डिस्क असेल तर चांगलंच जाणवेल. पण टिक काढली म्हणजे निर्धास्त झालो, असं समजू नका. ती फक्त डिस्कच्या आतल्या चिठ्ठ्या बंद करते. विंडोजने रॅममध्ये धरलेलं लाईटबरोबर जाणारच.

काही वाचकांची अडचण वेगळी असेल: टिक बदलताच येत नाही, ‘विंडोजला राइट कॅशिंगचं सेटिंग बदलता आलं नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, किंवा पीसी चालू-बंद केला की टिक परत जुन्या जागी. आधी पाहा, डिस्क यूएसबीच्या डब्यातून जोडली आहे का. त्या डब्यातली चिप बऱ्याचदा हा हुकूम आतल्या डिस्कपर्यंत नेत नाही, तिथे खटपट करून उपयोग नाही. डिस्क आतलीच असेल तर इंटेलच्या ‘रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर बसवलेला आहे का ते बघा. तो असेल तर कॅशचं सेटिंग त्याच्याच प्रोग्राममधून बदलावं लागतं. ड्रायव्हर बदलायचा झाला तर आधी फाईलींची दुसरी प्रत काढा आणि जाणकाराला सोबत बसवा. चुकीचा ड्रायव्हर बसला तर विंडोज चालूच होत नाही, असंही होतं.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कला याच टॅबवर ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’ असे दोन पर्याय असतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पहिला पर्याय आपोआप लागू असतो. तोच ठेवा. लग्नाचे फोटो, व्हिडिओ ज्या डिस्कवर आहेत तिला ‘बेटर परफॉर्मन्स’ देऊन काही मिळणार नाही. कॉपीची पट्टी संपली तरी दिवा लुकलुकत असेल तर डिस्क ओढू नका. खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ‘इजेक्ट’ करूनच काढा.

इन्व्हर्टर आहे, मग काळजी कशाला? इथे बरेच जण फसतात. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात पीसी बंद होऊन पुन्हा चालू होऊ शकतो. पीसीचा पॉवर सप्लाय जेमतेम १६-१७ मिलीसेकंद दम धरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते ‘यूपीएस’वर ठेवा. तरीही पीसी बंद पडत असेल तर पीसीपुरता छोटा यूपीएस घ्या. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा अधूनमधून भिंतीवरचं बटण बंद करून बघा, पण सगळ्या फाईली बंद केल्यावरच.

दोष लाईटचा की डिस्कचा, हेही कळतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टिम’मध्ये जा. ४१ किंवा ६००८ क्रमांकाची नोंद म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला. ‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार दिसत असेल तर डिस्क किंवा तिची केबल खराब होत चालली आहे, कॅशशी खेळून ते बरं होणार नाही. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा फुकटचा प्रोग्राम टाकून पाहा. त्यात पिवळा ‘कॉशन’ दिसला तर आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. ५५ क्रमांकाची नोंद दिसली तर फाईल पद्धतीत बिघाड आहे. ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’खाली ‘चेक’ असतं, ते चालवा, पण तेही प्रत काढल्यानंतरच. दुरुस्ती करताना विंडोज तुटलेल्या फाईली छाटूनही टाकतं.

राहिला प्रश्न कोणत्या फाईलींची दुसरी प्रत काढायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण आपल्या जुन्या कागदांवर अहमदनगरच आहे: शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, आजोबांच्या नावाची खरेदीखतं. नावाची, जन्माची नोंद जुळवताना हेच कागद लागतात आणि मूळ प्रती जीर्ण झालेल्या असतात. त्यांचे स्कॅन एकाच पीसीत ठेवू नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा. कॉपी झाल्यावर ती पेन ड्राइव्ह काढून, परत लावून, प्रत्येक फाईल एकदा उघडून बघा.