वरणाचा डाग लाल का होतो?

पिवळ्या डागावर साबण घासला की तो लालसर का होतो? घरशाळेतल्या पोराने एवढं विचारलं तरी आठवडा निघतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं असतं, साबणासारख्या अल्कलीत तांबूस होतं. पूर्वी कुंकूही हळदीवर अशीच प्रक्रिया करून बनत असे.

हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावा, सावलीत वाळवा. काडीला कापूस गुंडाळून सोड्याच्या पाण्याने चित्र काढा. खायच्या सोड्याची रेघ फिकी उमटते. धुण्याच्या सोड्याची गडद, पण तो मोठ्यांनीच हाताळावा. चुकलेल्या रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी! शिवाय कर्क्युमिनचा रंग उन्हात उडतो. म्हणून दुसऱ्या हळदकागदावर पिंपळपान दाबून तो उन्हात ठेवा. पानाचा ठसा पिवळा राहतो, भोवतीचा रंग विटतो. किती दिवसांत, ते पोरालाच नोंदवू द्या. आपण आधी उत्तर सांगून मजा घालवू नये.

आणि ‘दहावीचं काय?’ विचारणाऱ्या आजी-आजोबांसाठी: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं.