शेवंतीचा देठ

दसरा-दिवाळीच्या सुमारास नगर तालुक्यातील अकोळनेर व आसपासच्या शिवारांतून जी शेवंती बाजारात येते, ती सुटी येते. हारात ओवावयाच्या फुलाला देठाची गरज नसल्यामुळे तो शेतातच खुडला जातो आणि काट्यावर तोलल्या जाणाऱ्या मालाच्या हिशेबी त्याची कोठेही नोंद राहत नाही. पुष्पचित्र रंगविण्याचे मनात घेतले तेव्हा मला शेतावर जाऊन, लांब देठांसह काही फांद्या कापून देण्याची विनंती शेतकऱ्याला करावी लागली.

आंरी फांतँ-लातूर (1836–1904) या फ्रेंच चित्रकाराची पुष्पचित्रे न्याहाळली म्हणजे या आग्रहाचे कारण उमगते. पत्नी व्हिक्टोरिया द्युबूर (याही पुष्पचित्रकारच) यांच्यासमवेत नॉर्मंडीतील ब्युरे गावी उन्हाळा घालवीत असता त्याने जी चित्रे रंगविली, ती बहुतांशी इंग्लंडात विकली गेली आणि स्वदेशी रसिकांना त्यांची फारशी वार्ता नव्हती. त्यांतील एखादे फूल पाठमोरे असते, एखादे शेजारच्या फुलाआड अर्धे दडलेले. ही प्रत्येक फुलाच्या मानेची निराळी लकब देठानेच दिलेली असते, मग तो देठ पात्रात बुडून दृष्टीआड का होईना. त्याचा समकालीन फ्रेंच चित्रकार माने यानेही अखेरच्या आजारात, 1882-83 साली, मित्रांनी आणलेल्या गुच्छांची चित्रे केली आणि त्यांतील चापल्य विलक्षण आहे. परंतु शिकणाऱ्याने धीम्या फांतँचेच शिष्यत्व पत्करावे, असे माझे मत आहे.

उत्तरेच्या खिडकीपाशी तांब्याच्या कलशात फांद्या ठेवून, फांतँच्या चित्रांत दिसते तशी करडी-तपकिरी पार्श्वभूमी मी प्रथम पातळ रंगाने भरून घेतली. त्यानंतर डोळे किलकिले करून फुलांच्या छायेचे पुंज तेवढे मांडले, कारण पाकळी-पाकळी मोजू लागणाऱ्या हाताला फुलाची गोलाई कधीच गवसत नाही. पिवळ्या शेवंतीच्या छायेत काळा मिसळू नये, तो पिवळ्याला हिरवट करतो. गेरू आणि किंचित जांभळा यांनी ती ऊबदार राहते. उजेड झेलणाऱ्या पाकळ्यांचे घट्ट फटकारे सर्वांत शेवटी दिले. पाने मात्र आधीच उरकावी लागली, कारण कापलेल्या शेवंतीचे फूल टवटवीत असतानाच तिचे पान मान टाकू लागते.