धाप वयाची की फुप्फुसांची? सीओपीडीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्वासनलिका अरुंद होत जाऊन आणि फुप्फुसांतील वायुकोश झिजून श्वास बाहेर सोडण्यात कायमचा अडथळा निर्माण करणाऱ्या दीर्घकालीन विकाराला सीओपीडी म्हणतात. 2016 मध्ये भारतात त्याचे सुमारे 5.5 कोटी रुग्ण होते, असा अंदाज आहे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या किनवटसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यात हा आजार ओळखण्याची पहिली संधी आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनाच मिळते. ती हुकण्यास साधनांच्या तुटवड्याबरोबरच पुढील समजुतीही कारणीभूत ठरतात.

गैरसमज : हा आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो.

वस्तुस्थिती : धूम्रपान हे मोठे कारण असले, तरी पऱ्हाट्या, गोवऱ्या किंवा ओले सरपण पेटवून फुंकणीने जाळ धरताना जो धूर स्त्रिया वर्षानुवर्षे छातीत घेतात, तोही तितकाच घातक ठरू शकतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, तर जैवइंधनाच्या धुराला सामोरे जाणारे सुमारे 300 कोटी होते. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशा कार्यकर्ती भरते त्या तपासणी-अर्जात स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न म्हणूनच आहे.

गैरसमज : थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत आणि एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे फुप्फुसे निरोगी आहेत.

वस्तुस्थिती : दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासणे आवश्यकच आहे, मात्र एक्स-रे फुप्फुसांचे चित्र दाखवतो, हवेचा वेग मोजत नाही. निदान स्पायरोमेट्रीने होते : श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर जोराने फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा वाटा 70 टक्क्यांहून कमी भरला, तर अडथळा कायम आहे असे समजतात.

गैरसमज : स्पायरोमीटर नसेल, तर केंद्रात काहीच करता येत नाही.

वस्तुस्थिती : निदान करणे आणि संशयित निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. धूर, धाप, वारंवार होणारा छातीचा संसर्ग यांविषयीचे मोजके प्रश्न आणि फुंकरीचा वेग दाखवणारी पीक फ्लो मीटर ही विजेविना चालणारी स्वस्त नळी, एवढ्यावर निवड होऊ शकते. नेपाळ, पेरू आणि युगांडातील 10,000हून अधिक प्रौढांच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही पद्धत तुटपुंज्या साधनांतही राबवता येते हे दाखवले. तिची अचूकता मध्यम असल्याने निवडलेल्यांची स्पायरोमेट्री मात्र टळत नाही.

गैरसमज : पंपाची (इनहेलरची) सवय लागते.

वस्तुस्थिती : पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोचत असल्याने गोळीपेक्षा अल्प मात्रा पुरते आणि त्याचे व्यसन लागत नाही. झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. परंतु धूर थांबवल्यास आणि उपचार नियमित घेतल्यास झीज मंदावते व धाप कमी होते.

म्हणून चाळिशी ओलांडलेली स्त्री धाप लागते म्हणून केंद्रात आली, की तिच्या केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जावा : चुलीपुढे किती वर्षे गेली?